मुद्देमालात पडलेली त्राटिका

नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येणारा माणूस आधी कागद पुढे करतो आणि मग तोंड उघडतो. हिरामण भुसारे आला तेव्हा त्याच्याकडे कागदच नव्हता. गर्दी ओसरेपर्यंत तो बाजूला उभा राहिला, मग काउंटरला टेकला.

"ताई, ते माहितीच्या अधिकाराचं तुम्हीच करता ना?"

"ते सरकारनं केलंय. मी फक्त वापरते. काम काय आहे?"

"पोलिसांकडं एक वस्तू हाय. तिचं काय झालं ते इचारायचं होतं."

"गाडी?"

"नाय."

"मोबाईल?"

"नाय ओ. तोंड हाय."

मी मशीन बंद केलं.

"लाकडाचं," तो म्हणाला. "त्राटिकेचं."

नाशकात जन्म काढूनही बोहाडा न पाहिलेले लोक खूप आहेत, म्हणून सांगते. आमच्या पश्चिमेच्या डोंगरात, पेठच्या अंगाला, वैशाखात गावोगाव देव-दैत्यांची सोंगं निघतात. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मोठमोठे मुखवटे, संबळ वाजतोय, टेंभे पेटलेत, आणि एकेक सोंग नाचत येतंय. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं ते पिढ्यांपासून ठरलेलं असतं. करंजदरा या गावात त्राटिका भुसाऱ्यांच्या घरची. हिरामणचा आजा नाचला, बाप सोमा नाचला, मग हिरामण. बाप्यानं राक्षसीण व्हायचं, लुगडं नेसायचं, आणि तो साग कोरून केलेला मुखवटा डोक्याला बांधून गर्दीवर धावून जायचं. माणसं किंचाळत पळतात. त्यातच सगळी मजा.

एका वर्षी पुंजाराम पळाला नाही.

पुंजाराम त्याच गावचा. तो भरपूर पिऊन आला होता, रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्राटिकेला म्हणाला, ये, बघू. त्राटिका गेली. मुखवट्यातून दिसतं किती? नाकपुडीच्या दोन भोकांतून दिसेल तेवढंच. पुढे आलेला सुळा पुंजारामच्या कपाळात बसला, टाके पडले, दवाखान्यातून पोलिसांना फोन गेला. पोलीस आले आणि हिरामणबरोबर मुखवटाही घेऊन गेले. हत्यार म्हणून.

"मारामारी पुढं मिटली," हिरामण म्हणाला. "कोर्टात दोघांनी सांगितलं, आमचं काय म्हणणं नाय. मला सोडलं. तिला नाय सोडलं."

"मग इतकी वर्षं काय केलंत?"

"दर साली जाऊन इचारतो. साहेब बदलतो. नवा साहेब म्हणतो बघू."

"आणि यंदाच एवढी घाई का?"

 मग त्यानं सांगितलं. गावच्या पंचांनी ठरवलं होतं की त्राटिकेवाचून बोहाडा अळणी होतो. येत्या अक्षय तृतीयेला पंच बसतील तेव्हा जुनं सोंग गावात असलं तर मान भुसाऱ्यांचा. नसलं तर नवीन कोरून घ्यायचं आणि मान दुसऱ्या घराला द्यायचा. एकदा गेला की गेला, तो परत येत नाही.

"मला आता गुडघा साथ देत नाय," तो म्हणाला. "भारतला शिकवायचं होतं. पोरगं नाचतं चांगलं. पण काय बांधून शिकवू?"

भारत म्हणजे त्याचा मुलगा, ओझरला कंत्राटावर काम करतो.

मी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. कोणी "दर साली जाऊन विचारतो" असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. विचारायला तोंडानं जायचंच नसतं. तोंडाला पोच मिळत नाही.

हिरामण राहायला पेठ रोडला. द्राक्षाच्या कामातला माणूस. गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरीकडच्या बागांत त्याची टोळी छाटणीला, विरळणीला जाते आणि तो तिचा मुकादम. मुकादम म्हटल्यावर जो दरडावणारा आवाज आठवतो तो याच्याकडे नाही. बायका घड विरळत असल्या की हा शेवटच्या ओळीत स्वतः कात्री घेऊन बसलेला. मी एकदा त्याला शोधत बागेत गेले तर मला कोणी सांगेना मुकादम कुठला. सगळे सारखेच वाकलेले.

आणि या माणसाची एक खोड होती, जी मला उशिरा कळली. कळायला हवी होती. तो कशालाच "माझं" म्हणत नसे. हप्ते यानं फेडलेली मोटरसायकल ही "भारतची गाडी". पेठ रोडचं दोन खोल्यांचं घर हे "अक्काबाईचं घर". अक्काबाई म्हणजे त्याची बायको. एकदा मी तिला म्हटलं, "तुमचा नवरा फारच साधा आहे." ती म्हणाली, "साधा कसला? सगळं माझ्या नावावर ढकलतो म्हंजी भांडायला मीच जायाचं."

अर्ज मी असा लिहिला की पळवाट राहू नये. अमुक गुन्ह्यात जप्त केलेला लाकडी मुखवटा सध्या कुठे आहे. मुद्देमाल नोंदवहीतल्या नोंदीची प्रत द्यावी. आणि तो नष्ट केला असल्यास नाश पंचनाम्याची प्रत द्यावी. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, हिरामणची सही घेतली. या शेवटच्या वाक्यावर मी मनातल्या मनात खूश होते. कोंडीत पकडलं की साहेब बोलतो, असा माझा अनुभव.

उत्तर आलं: सदर माहिती गुन्ह्याच्या तपासाशी संबंधित असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये देता येत नाही.

हिरामण दुकानात आला तेव्हा मी ते उत्तर त्याला तीन वेळा वाचून दाखवलं, दर वेळी आवाज चढवत.

"तपास? खटला संपला, निकाल लागला, तुम्ही सुटलात. आता कसला तपास चाललाय? त्राटिका फरार आहे का?"

"हे असंच लिव्हा," हिरामण म्हणाला.

मी लिहिलं. पहिल्या अपिलात, पहिल्याच ओळीत: "आरोपी निर्दोष सुटला असून त्राटिका पोलिसांच्याच ताब्यात आहे. तरी उर्वरित तपास नेमका कोणाचा सुरू आहे?" शेजारचा टायपिंगवाला म्हणाला, योगिनीताई, अपिलात असं लिहीत नसतात. मी म्हटलं, कुठल्या नियमात?

अपिलाची सुनावणी वरच्या साहेबांकडे झाली. साहेब तरुण होते. पहिली ओळ वाचून त्यांनी कागद तोंडासमोर धरला, पण खांदे हलत होते ते मला दिसलंच. ठाण्याकडून आलेला माणूस म्हणाला, रेकॉर्ड जुनं आहे, शोधायला वेळ लागेल. साहेब म्हणाले, मग यांनाच शोधू द्या. अर्जदाराला अभिलेखाची पाहणी करू द्यावी, असा आदेश झाला.

दरम्यान दुसरीकडून कोर्टाच्या निकालाची प्रत काढायची होती. आता इथे पुष्कळ नवशिके आपटतात. कोर्टातल्या खटल्याचा कागद माहितीच्या अधिकारात मागितला की उत्तर येतं, नकलेच्या नियमाप्रमाणे अर्ज करा. आणि ते बरोबर असतं, त्यावर चिडून उपयोग नाही. नकल शाखेत जायचं, तिकीट लावायचं, खटल्याचा नंबर टाकायचा. हिरामणला नंबर कुठून ठाऊक असणार? मी मोबाईलवर कोर्टाच्या साइटवर त्याचं नाव टाकलं. आलं: राज्य विरुद्ध हिरामण सोमा भुसारे. निकाली.

त्यानं मोबाईल डोळ्याजवळ नेला.

"माझ्या इरुद्ध राज्य? आख्खं?"

"आख्खं."

"आन् मी सुटलो."

"सुटलात."

"अक्काबाईला दाखवतो," म्हणाला आणि तिचा फोन लावला. पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानं लगेच फोन ठेवला.

नकल घ्यायला तो एकटाच तालुक्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी बागेतून सुटून थेट माझ्याकडे आला. हाताला द्राक्षाच्या पाल्याचा हिरवा डाग, त्यात तो शिक्क्याचा कागद. निकाल दीड पानाचा. उभय पक्षांत समेट, आरोपी निर्दोष. मी शेवटच्या परिच्छेदावर आले आणि तो पुन्हा वाचला.

"जप्त मुखवट्याबाबत आरोपीस विचारले असता तो आपला नसल्याचे सांगतो. अन्य कोणीही हक्क सांगितलेला नाही. सदर वस्तू किंमतशून्य असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करावी."

"काका," मी म्हटलं, "जज्जानं तुम्हाला विचारलं होतं का, हा मुखवटा तुझा आहे का म्हणून?"

"इचारलं व्हतं."

"मग?"

"म्हटलं, नाय."

"नाय?"

"माझं कसं म्हणू ताई? सोंग काय माणसाचं आसतं? ती देवाघरची. मी तिचा. ती माझी नाय."

मी त्याच्यावर ओरडले. खोटं कशाला सांगू, दुकानात गिऱ्हाईक होतं तरी ओरडले. अहो, एक शब्द, फक्त "हो" म्हणायचं होतं, त्याच दिवशी काखेत मारून घरी नेलं असतं! इतकी वर्षं दर साली ठाण्यात चकरा मारल्या आणि तिच्या मरणाचा हुकूम तुमच्याच तोंडातून गेला!

 माझं संपल्यावर तो म्हणाला, "कोर्टात खोटं बोलू नको आसं वकिलानंच सांगितलं व्हतं."

ठाणं घाटाच्या वर आहे, नाव लिहीत नाही. पाहणीच्या दिवशी आम्ही दोघं भारतच्या गाडीवरून गेलो. मुद्देमालाचं काम गोरक्ष हवालदारांकडे. जाड मिशा, दमलेला चेहरा. मला पाहून ते मागच्या शिपायाला म्हणाले, "आल्या आपल्या सुपरवायझर. खुर्ची दे."

"खुर्ची नको, नोंदवही द्या," मी म्हटलं.

नोंदवही आली. हिरामणचा गुन्हा सापडला. वस्तूचं वर्णन: लाकडी मुखवटा, राक्षसी, एक. शेवटचा रकाना "विल्हेवाट", आणि तो कोरा होता. म्हणजे जळाली नव्हती! मी हिरामणकडे बघितलं. त्यानं डोळे मिटले होते.

"आहे का इथे?" मी विचारलं.

हवालदार उठले. मागच्या खोलीचं कुलूप काढलं. आत मोटरसायकलींचे सांगाडे, दारूचे कॅन, कोणाची तरी शिलाई मशीन. वरच्या फळीवर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. हिरामणनं दारातच चपला काढल्या. हवालदारांनी पोतं बाजूला केलं. लाल रंग उडालेला, डोळे पांढरे फटक, सुळे पुढे. एवढी वर्षं कोणी पाणी दाखवलं नव्हतं तरी बाई रागावलेलीच होती. मी दोन पावलं मागे सरले, हे इथे लिहून ठेवते.

"मला वाटलं जाळली असेल," हिरामण म्हणाला.

"आदेश आहेच की जाळायचा," हवालदार म्हणाले. "मी इथे आल्यापासून आहे. पण काडी कोण लावणार? ठाण्यातले निम्मे इथल्याच पाड्यांवरचे. एकाला सांगितलं तर तो आजारी पडला. मीच सांगितलं, राहू दे वर." मग ते माझ्याकडे वळले. "राहिली असती वर, मॅडम. कोणाला आठवण नव्हती. तुम्ही अर्ज केला."

"म्हणजे?"

"तुम्ही नाश पंचनाम्याची प्रत मागितली. साहेबांनी मला बोलावलं, म्हणाले पंचनामा कुठाय? म्हटलं, केलाच नाही. म्हणाले, कोर्टाचा आदेश इतकी वर्षं पडून आहे आणि आता ते माहिती अधिकारात लेखी विचारतायत. आपली मान जाईल. या सोमवारी नष्ट करा, पंचनामा करा, प्रत त्यांना द्या."

 ज्या वाक्यावर मी खूश होते त्याच वाक्यानं ती जागी झाली होती. तिच्या बचावासाठी म्हणून मी जे लिहिलं ते तिच्या सरणाचं लाकूड निघालं.

मग माझं तोंड सुटलं आणि फारच सुटलं. आदेश अमलात आणायला इतकी वर्षं मिळाली तेव्हा साहेब झोपले होते का, आता अर्जदाराच्या पैशानं काडेपेटी आणणार का, असं मी व्हरांड्यातून केबिनकडे तोंड करून विचारत होते. केबिनचं दार आतून लागलं.

हवालदारांनी मला पाण्याच्या टाकीपाशी नेलं. "ताई," ते म्हणाले. आता मॅडमची ताई झाली होती. "ओरडून काय होणार? साहेबांच्या हातात पण कोर्टाचाच कागद आहे. तुम्ही दुसरा आणा. कोर्टानं थांब म्हटलं की मी थांबतो."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी दोन पंच लागतील. या भागात हिला जाळायला पंच म्हणून सही करणारा माणूस मला लवकर सापडेल असं वाटत नाही."

परतताना गाडीवर हिरामणनं मला दोष दिला नाही.  दिला असता तर मी भांडले असते. ती सोय त्यानं ठेवली नाही.

त्याच संध्याकाळी मी अर्ज टाइप करायला बसले. ज्या कोर्टानं निकाल दिला त्याच कोर्टात. नष्ट करण्याचा आदेश तूर्त थांबवावा आणि मुखवटा परत द्यावा. "मी, हिरामण सोमा भुसारे, सदर मुखवट्याचा मालक," असं सुरू केलं आणि प्रिंट त्याच्यापुढे ठेवली. अक्काबाईही सोबत आली होती.

हिरामणनं वाचलं. पेन खाली ठेवलं.

"हे खोटं हाय."

"काका!"

"मालक नाय मी."

"अहो, सोमवारी जाळतायत!"

"तिला घरी आणायची ती नाचवायला ना? आन् आणायची खोटं बोलून? भारतला काय सांगू, हिची मालकी मी दहा रुपयाच्या तिकिटावर लिव्हून आणली?"

मी अक्काबाईकडे बघितलं. म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ती म्हणाली, "त्यो काय ऐकायचा नाय. लग्नात याला इचारलं, पोरगी पसंत हाय का, तर म्हणला, देवाला पसंत आसंल तर. आजून खरं उत्तर दिल्यालं नाय."

आम्ही तिघं बसलो. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. मी चिडून पुस्तक उघडलं. चिडले की मी कायदा वाचते, इतर बायका भांडी घासतात तसं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम चारशे बावन्न. खटला संपल्यावर मालाचं काय करायचं याचं. नव्या कायद्यातही तेच आहे, फक्त नंबर बदलला. हे कलम मी किती जणांना झेरॉक्स करून दिलं असेल आणि दर वेळी माझ्या डोक्यात "मालक"च होता. यावेळी एकेक शब्द बोटानं वाचला. तिथे मालक नाहीच! तिथे लिहिलंय, ताबा मिळण्याचा हक्क असल्याचा जो दावा करील त्याला द्यावं. वाटल्यास जामीनपत्र घेऊन.

"काका," मी म्हटलं, "सोंग वर्षभर कोणाच्या घरी राहायचं?"

"आमच्या. आडव्या वाशावर, पूर्वेला तोंड करून. खाली ठिवायचं नाय."

"दुसऱ्या कोणी ठेवलं असतं?"

"कसं ठिवील? राखण आमच्याकडं हाय. आज्यापासून."

"मग हे लिहू? 'सदर सोंग देवाचं असून त्याची राखण व ताबा परंपरेनं अर्जदाराच्या घराण्याकडे आहे.' हे खरं आहे?"

त्यानं विचार केला. खरंच विचार केला, पेनाकडे बघत.

"हे खरं हाय," म्हणाला आणि सही केली.

सोमवारी कोर्ट उघडायच्या आधी आम्ही दारात. आमच्याबरोबर पुंजारामही होता. हिरामणनंच त्याला गाडीवर बसवून आणलं होतं. मी विचारलं, हा कशाला, फिर्यादी होता ना? हिरामण म्हणाला, "त्याला लई यायचं व्हतं."

न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी आधीचा निकाल वाचला, आमचा अर्ज वाचला, परत निकाल वाचला.

"तुम्ही मागे सांगितलंत की हा मुखवटा तुमचा नाही."

"व्हय साहेब."

"आज सांगताय तुम्हाला द्या."

"व्हय साहेब."

"मग आज तो तुमचा आहे का?"

मी बाकाची कड धरली. बाकावर बसलेल्या माणसाला कोर्टात बोलता येत नाही, ही व्यवस्था माझ्यासारख्यांसाठीच केली असावी.

"नाय साहेब," हिरामण म्हणाला. "आजबी नाय. ती देवाचीच. तिला सांभाळायचं काम आमचं हाय. आन् वैशाखात नाचवायचं. आमच्याशिवाय तिला कोण उचलत नाय. तेवढंच मागतो."

न्यायाधीश बाईंनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. वकील उठले, म्हणाले, गावात दुसऱ्या कोणाचा हक्क असू शकतो. तेवढ्यात मागून पुंजाराम उभा राहिला.

"साहेब, मी बोलू का? मी फिर्यादी. पुंजाराम."

"थोडक्यात बोला."

"सोंग यांच्याच घरचं. मी छातीठोकपणे सांगतो. मला याच घरानं मारलं!" त्यानं केस वर करून कपाळावरची खूण दाखवली. "दुसऱ्या घराचं आसतं तर मी मागं नसतो का सरलो? पण म्हटलं, भुसाऱ्यांची हाय, बघू या खरी हाय का. खरी निघाली साहेब! सगळा तालुका मला वळखतो, त्राटिकेनं मारल्याला माणूस. आता दुसऱ्या घरानं नवी कोरली तर माझ्या खुणेला कोण इचारणार?"

शिपायानं तोंड फिरवलं. बाई हसल्या नाहीत, पण लिहिता लिहिता पेन थांबलं ते मी पाहिलं.

आदेश झाला. अर्जदाराचा ताब्याचा हक्क मान्य. नाश करण्याचा आदेश रद्द. मुखवटा जामीनपत्रावर अर्जदाराकडे द्यावा, न्यायालयाने मागितल्यास हजर करावा. हिरामणनं मला हळूच विचारलं, "बोहाड्याच्याच दिवशी मागितला तर?"

"तर मी येते न्यायाधीशांना समजवायला."

"नको," तो म्हणाला. "मीच समजावतो."

दुपारी ठाण्यात गोरक्ष हवालदार वाटच बघत होते. पंच मिळाले नव्हते. एक मिळाला होता, तो चहाला म्हणून गेला आणि आलाच नाही. साहेब बंदोबस्ताला गेले होते. हवालदारांनी आदेश दोनदा वाचला, नोंदवहीतला तो कोरा रकाना भरला आणि पावती पुढे सरकवली: एक लाकडी मुखवटा सुस्थितीत मिळाला.

हिरामणनं सोंग दोन्ही हातांनी घेतलं, फिरवून बघितलं. सही करेना.

"सुस्थितीत नाय. डावा कान गेलाय."

"उंदीर," हवालदार म्हणाले.

मी पुढे झाले. "शासकीय ताब्यात असताना नुकसान! हवालदार, मूषक प्रतिबंधाची नोंद दाखवा. मी आत्ता अर्ज..."

"ताई," हिरामण म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज मुकादमासारखा आला. "आता नको."

मी पेन खिशात घातलं. हवालदारांनी "सुस्थितीत" खोडून "डावा कान उंदराने खाल्लेला" असं लिहिलं, बाजूला सही केली. हिरामणनं खाली केली. मग हवालदारांनी टोपी काढली, मुखवट्याला हात लावून कपाळाला लावला, आणि टोपी परत घालून म्हणाले, "बोहाड्याला येईन. बंदोबस्ताला नाही. सुट्टी टाकून."

गाडीवर ती नेता येईना, पाठीमागे बांधायची नाही म्हणून. हिरामण मोटरसायकल पुंजारामकडे देऊन एसटीनं निघाला, आणि त्याला बसवून द्यायला म्हणून मला थांबवून घेतलं. बसमध्ये जागा होती, मी खाली खिडकीशी उभी राहिले. तो खिडकीला बसला, सोंग मांडीवर, आणि फोन लावला.

"आली," एवढंच म्हणाला.

पलीकडे अक्काबाई करंजदऱ्यात होती. पंच दुसऱ्या दिवशी, अक्षय तृतीयेला, बसणार म्हणून आधीच गेली होती. तिचा आवाज मला खिडकीबाहेरही ऐकू येत होता.

"आली तर आण बिगीनं. पंच आजच येऊन बसलेत. सुतारबी बसलाय, नव्या सोंगाचं माप घ्यायला. मी सांगितलं, उठ. तर म्हणतो, सोंग बघून उठतो."

"त्याला म्हणावं उठू नको. कान लावायचाय."

"कुणाचा?"

"हिचा. उंदरानं खाल्ला."

"मेले पोलीस," अक्काबाई म्हणाली. "आन् भारत आलाय रजा टाकून. म्हणतो, आजच बांधून बघतो."

 हिरामणनं सोंगाच्या डोळ्यांवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसायला घेतली. कंडक्टर आला. मांडीवरच्या तोंडाकडे त्यानं जरा दबकून बघितलं.

"हे लगेज आहे. तिकीट लागेल."

"द्या," हिरामण म्हणाला. "एक माझं. एक हिचं."

"ही कोण?"

"त्राटिका."

कंडक्टरनं मशीनवर बोटं ठेवली, मग थांबला, हसला. "बाई म्हणजे अर्धं तिकीट."

"मग अर्धं द्या. दोन्ही करंजदरा फाटा."

लगेजचा नियम वेगळा आहे, महिलांच्या सवलतीचं परिपत्रक वेगळं आहे, आणि हे दोन्ही मी खिडकीतून त्या कंडक्टरला सांगायला तोंड उघडलं होतं. बस सुटली.